स्मरणपत्र: रविवारची बैठक आणि स्वारगेट–कात्रज मार्गावर चर्चा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी आपली मासिक बैठक नेहमीच्या जागी आहे. गाणं सात वाजता सुरू होईल. त्याआधी, साडेपाचला, स्वारगेट–कात्रज मार्गावर बोलायचं आहे.

पुण्यातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची सेवा, २००६ मध्ये याच रस्त्यावर धावली. २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटला पोचली आणि कात्रजपर्यंतच्या भुयारी मार्गाला केंद्राची मंजुरीही मिळाली. पण भुयार तयार होईपर्यंत बसचं काय? मुकुंदनगरला ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सव ऐकायला येणाऱ्या श्रोत्यासाठी, तानपुरा घेऊन क्लासला जाणाऱ्या मुलीसाठी हा रोजचा प्रश्न आहे. शेवटची गाडी गाठायची म्हणून शेवटच्या भैरवीआधी उठावं लागणं माझ्या मनाला फार लागतं.

संभाजी पुलावरच्या मेट्रोखालून विसर्जन मिरवणुकीचे उंच रथ जाणार नाहीत, म्हणून तिच्या उंचीबद्दल गणेश मंडळांनी २०२१ मध्ये आवाज उठवला, तेव्हा खांब उभे राहिलेले होते. आपण एवढं थांबू नये.

रात्रीची शेवटची फेरी आणि मोठी वाद्यं नेण्याची सोय, या दोन मुद्द्यांवर आपलं म्हणणं लिहून आणा. पत्र त्याच दिवशी तयार करू. बीआरटीच्या बाजूचे आणि मेट्रोच्या बाजूचे, दोघांनीही यावं.

– कार्यवाह