मान जाड की मानेतली नळी?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पानावर ‘मान जाड, हृदयावर धाड’ ही बातमी वाचली. कोरियातल्या एका पाहणीचा हवाला देऊन, ज्याची मान जाड त्याच्या हृदयाला धोका, असं आपण छापलंत. यमक जुळलं, अभिनंदन. बाकी काहीच जुळलेलं नाही.

कोरियातली ती पाहणी कॅरोटिड धमनीच्या, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीच्या, भिंतीच्या जाडीची होती, मानेच्या नव्हे. मानेचा घेरही डॉक्टर लोक मोजतात, पण ते प्रकरण वेगळं. आपल्या उपसंपादकांना दोन्ही सारखंच वाटलेलं दिसतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. माझे मेहुणे जुने तालमीतले, कॉलर साडेसतरा. सकाळी सातला पेपर घेऊन दारात हजर. "दाजी, माझं काय आता?" हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून त्यांनी स्वतःची मान मोजली, मग माझी, मग दूध घालायला आलेल्या गवळ्याची. गवळी साडेतेरा भरला, खूश होऊन गेला. मेहुण्यांनी मात्र समोरची मिसळ मागे सारली. कोल्हापुरात, रविवारी!

धमनीच्या भिंतीची ही तपासणी मी दोन वर्षांपूर्वी करून घेतली आहे. मानेला गार जेली लावतात आणि सोनोग्राफीचा प्रोब फिरवतात. पडद्यावर दोन उजळ रेघा दिसतात, मधे बारीक काळी फट. ते अंतर म्हणजे भिंतीची जाडी. माझी ०.८ आली. मिलिमीटर, संपादकसाहेब! आपण छापलंय सेंटिमीटर. ती अख्खी धमनीच सहा-सात मिलिमीटर रुंद असते. भिंतच आठची झाली तर रक्त जायचं कुठून?

त्या पाहणीतला खरा मुद्दा होता चयापचयाचा. कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि चांगलं कोलेस्टेरॉल, या पाचातलं कुठलंही तीन बिघडलं की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयाचा बिघाड. सडपातळ माणसाचंही बिघडतं. कोरियात सरकारी आरोग्य विम्यातून साधारण दर दोन वर्षांनी तपासणी होते, तीत कंबरही मोजतात. हे सगळं आपण शेवटच्या दोन ओळींत गुंडाळलंत.

आणि कंबरेचा आकडा? पुरुषांना ९०, बायकांना ८५ सेंटिमीटर. कोरियासाठी बरोबर. पण भारतीय बायकांसाठी ८० धरतात, एवढं लिहायला जागा नव्हती? आमच्या हिची ८३ भरली. आपली बातमी कापून तिने फ्रिजवर चिकटवली आहे. आता माझं कोण ऐकतंय?

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर

ता.क. : धडधाकट माणसाचा हृदयविकाराचा धोका ठरवायला धमनीच्या भिंतीची ही तपासणी सरसकट करू नये, असं अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१३ सालीच सांगितलं आहे. आपल्या बातमीच्या बरोबर खाली याच तपासणीची अर्ध्या किमतीतली जाहिरात होती. तिच्यात मि.मी. व्यवस्थित छापलं होतं.