लॅबवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

घरी फोटो छापायला कोणता प्रिंटर घ्यावा, असं कोणी विचारलं की तुम्ही आधी विचारता, "महिन्याला किती फोटो? केवढे? आणि लावणार कुठे?" स्वतःची कलर लॅब असूनही घरी काय छापता येईल हे तुम्ही इतक्या मोकळेपणाने सांगता, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं सांगणं इतरांच्याही कामी यावं म्हणून इथे लिहितो आहोत.

सणावारालाच फोटो छापणाऱ्याने इंकजेट, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवून छापणारा प्रिंटर, घेऊ नये, हे तुमचं पहिलं सांगणं. प्रिंटर पडून राहिला की शाई उडवणाऱ्या भागातली, म्हणजे हेडमधली शाई वाळते, त्याची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, चोंदतात आणि फोटोवर पांढऱ्या रेघा उमटतात. मग लोक हेड क्लीनिंग करत सुटतात. त्यात शाई तर जातेच, शिवाय ती वाया गेलेली शाई शोषणाऱ्या वेस्ट पॅडमध्ये साचते आणि पॅड भरलं की प्रिंटर छापायचंच थांबवतो. म्हणून इंकजेट असेलच तर आठवड्याला एक छोटं रंगीत पान काढायचं, आधी नोझल चेक, म्हणजे रेघांचं चाचणी पान, काढून बघायचं आणि रेघा तुटक दिसल्या तरच क्लीनिंग.

अधूनमधून छापणाऱ्यांना तुम्ही डाय-सब्लिमेशन सुचवता, उदाहरणार्थ कॅननचा सेल्फी सीपी1500. त्यात शाई नसतेच. रिबनवरचे पिवळा, मजेंटा आणि सायन हे रंग उष्णतेने एकेक करून कागदावर चढतात, वर पारदर्शक थर बसतो आणि फोटो कोरडाच बाहेर येतो. कागद चार वेळा आत-बाहेर होतो, म्हणून प्रिंटरच्या मागेही जागा मोकळी हवी. फोटो पोस्टकार्डाएवढा, 100 × 148 मिमी. फोटोत रंग कमी असोत वा जास्त, रिबन तेवढीच लागते, त्यामुळे एका फोटोचा खर्च आधीच कळतो.

नियमित छापणाऱ्याला आणि ए4 हवा असणाऱ्याला मात्र इंक टँकच, म्हणजे बाटलीने टाकीत शाई भरायचा इंकजेट. त्यातही एप्सन एल8050सारखा सहा रंगांचा. फिकट सायन आणि फिकट मजेंटा असल्याने चेहऱ्यावर आणि आभाळात ठिपके दिसत नाहीत. लेझर प्रिंटर ऑफिसच्या कागदांसाठी ठीक. त्यात इंकजेटचा ग्लॉसी कागद चुकूनही घालू नये, कागदावरचा लेप वितळून आतल्या गरम रोलरला, म्हणजे फ्यूझरला चिकटतो.

कागदाबद्दल तुम्ही सांगितलेलं तर सोन्यासारखं आहे. लेपाची बाजू कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावायचं, चिकट लागेल ती छापायची बाजू. उलट्या बाजूला शाई मुरत नाही, थेंब होऊन पसरते. सेटिंगमध्ये 'प्लेन पेपर' राहिलं तर चांगल्या कागदावरही फोटो मळकट येतो. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात पाकीट उघडं ठेवू नये. कागद दमट होतो, वाकतो आणि हेडला घासून डाग पडतात. छापलेला फोटो एक दिवस वाळू द्यावा आणि फ्रेममध्ये काचेला टेकू नये म्हणून माउंट, म्हणजे कडेने जाड पुठ्ठ्याची चौकट, लावावा.

बहुतेक घोटाळा प्रिंटरच्या आधीच झालेला असतो, हेही तुमच्यामुळेच नीट कळलं. 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 4 × 6 इंचाला 1200 × 1800 पिक्सेल लागतात, ए4ला 2480 × 3508. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला 1200 × 1600चा फोटो 4 × 6ला चालतो, ए4वर मऊ, म्हणजे धूसर पडतो. मूळ फाइल हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 असतो आणि 4 × 6 म्हणजे 3:2. सहा इंच लांबीला तो साडेचार इंच रुंद बसतो, म्हणजे अर्धा इंच कापला जाणारच. कुठून कापायचं ते आपण ठरवावं, नाहीतर मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. बॉर्डरलेसमध्ये, म्हणजे पांढरी किनार न ठेवता छापताना, कडा आणखी थोड्या कापल्या जातात.

फोटो काळपट आला तर शाईला दोष देण्याआधी स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून बघावं. रंग लालसर येत असतील तर रंगांचं नियंत्रण फोटोचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा संगणकातला प्रोग्राम) दोघांकडेही नाही ना, ते तपासावं. एकाकडे बंद करावं.

लग्नाचे दोनशे फोटो आणि 12 × 18 इंचांचं एन्लार्जमेंट मात्र तुमच्याकडेच येईल. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणि क्रॉप, म्हणजे कुठून कापायचं ते, आधीच ठरवलेला.

कळावे, लोभ असावा.
आपले,
घरी फोटो छापणारे आम्ही सगळे