धाकट्याच्या लग्नात बँड का नव्हता

ती. आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई बोलून गेली, की लग्नात बँड नव्हता हे आप्पांच्या मनातून अजून जात नाही. ‘पोरीला बापाच्या धंद्याची लाज वाटली,’ असं तुम्ही म्हणालात म्हणे. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय.

आप्पा, रोममध्ये एन्निओ मोरिकोने नावाचा संगीतकार होऊन गेला. जन्म १९२८ चा. त्याचे वडील मारिओ तुमच्यासारखेच ट्रम्पेटवाले. पोरालाही त्यांनी ट्रम्पेटच हातात दिलं. लढाईच्या दिवसांत वडील आजारी पडले की त्यांच्या जागी हा कोवळा पोरगा वाजवायला जायचा. पुढे तो संगीतरचना शिकला. शाळेतला वर्गमित्र सेर्जिओ लिओने सिनेमे काढू लागला, त्याच्या घोडे-बंदुकांच्या सिनेमाला यानं १९६४ साली संगीत दिलं. शिट्टी आणि चाबकाचा फटकारासुद्धा त्यानं गाण्यात बसवला! मग चारशेच्या वर सिनेमे झाले. पियानोला हात न लावता टेबलाशी बसून तो प्रत्येक वाद्याचं नोटेशन स्वतः लिहायचा. नव्वदी गाठली तरी शेदीडशे वादकांसमोर उभा राहून कार्यक्रम करत होता. २०२० साली गेला.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. नवीन चाल झाली की तो आधी बायकोला, मारियाला, ऐकवायचा. तिनं मान डोलवली तरच ती दिग्दर्शकापुढे जायची. आप्पा नवीन गाणं बसवायचे तेव्हा तू विड्या वळता वळता ‘दुसरी ओळ चुकतीय’ म्हणायचीस, तेच आठवलं. २०१६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं, तेही त्यानं तिलाच अर्पण केलं.

आता मुद्द्याचं. मारिओंचं वय झालं, फुंक पहिल्यासारखी राहिली नाही. त्यांच्यादेखत दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला बोलवायचं पोराच्या जिवावर आलं. म्हणून त्यानं काही काळ ट्रम्पेट लिहिणंच सोडून दिलं. हे वाचलं आणि मी तिथंच थांबले, आप्पा.

तुमचे पुढचे दात गेल्यावर मालकानं तुम्हाला दोन सीझन मागच्या रांगेत उभं केलं, मग बोलावणंच बंद केलं. तुम्ही घरी एक शब्द बोलला नाहीत. नुसतं ट्रम्पेट चिंचेनं घासून, पुसून, पेटीत ठेवून दिलंत. लग्नाच्या वरातीत तुमच्या जागी दुसरं कुणी वाजवतंय आणि तुम्ही फेटा बांधून बाजूला उभे आहात, हे मला बघवलं नसतं. म्हणून मी सनई-चौघड्यावर अडून बसले. लाज नव्हती हो. पण तुम्हाला न विचारता ठरवलं, ते चुकलं माझं.

गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस येतेय. नंदीध्वज बघायला आपण तिघं जाऊ. त्याआधी माळ्यावरची पेटी खाली काढून ठेवा. मधला पिस्टन अडकत होता ना? खोबरेल घालू नका, मी पुण्याहून व्हॉल्व्हचं तेल आणतेय. कवळीनं उंच सूर लागत नसेल तर खालच्या पट्टीत वाजवा. मला ऐकायचंय.

आईनं गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
ताई