होडीत किती माणसं बसतात, याचा एकट्याला काय उपयोग?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नदीवर एकट्याने मासेमारी करणाऱ्यांसाठी छोट्या होड्यांची माहिती आली होती. सोबतचा तक्ता नीटनेटका होता: लांबी, वेग, किती माणसं बसतात. पण तो तक्ता पाहून होडी घेणारा पहिलाच खेकड्यांचा पिंजरा वर ओढताना पाण्यात जाईल, अशी मला धास्ती वाटते. माझं वय बासष्ट, वजन ५२ किलो, एक गुडघा कुरकुरतो. निवृत्तीपर्यंत शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. आता जिथवर भरतीचं पाणी चढतं अशा नदीत एकटीच होडी नेते, गळ टाकते, खेकडे धरते.

होडीच्या दृष्टीने मासे धरणं आणि खेकडे धरणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे लेखात कुठेच आलं नाही. गळ टाकून बसणाऱ्याला होडीने गप्प राहिलं की पुरतं. खेकडेवाल्याला बोयाजवळ, म्हणजे बुडवलेल्या पिंजऱ्याच्या दोराला बांधलेल्या तरंगत्या खुणेजवळ जायचं, दोर धरायचा, चिखलाने माखलेला पिंजरा कडेवरून आत घ्यायचा, आमिष बदलून पुन्हा सोडायचा, की निघाला पुढच्या बोयाकडे. दर वेळी भार एका अंगाला. होडीत दोघं असली तर दुसरा न सांगता विरुद्ध बाजूला सरकतो. एकट्याच्या होडीत हे काम रुंदीला करावं लागतं.

थोडं गणित करते, जुनी खोड आहे. निथळणारा पिंजरा ६ किलोचा धरा आणि तो मध्यरेषेपासून ७० सेंटिमीटरवर लटकतो आहे असं समजा. होडी कलवणारा जोर वजन आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. इथे गुणाकार ४२०. तो ओढायला मी वाकले आणि माझं वजन मध्यापासून अवघं २० सेंटिमीटर सरकलं, तर गुणाकार १०४०. होडी कलते ती मुख्यतः आपल्यामुळे, पिंजऱ्याचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून दोर बसून किंवा गुडघ्यावर राहून ओढावा, बूड मध्यरेषेवरून हलू देऊ नये. कडेवर ओणवं होऊन पिंजरा उचलणारे मी पाहते तेव्हा माझाच जीव खालीवर होतो.

आता रुंदी. लांबी आणि आकार तोच ठेवला तर कलण्याला होडीच्या आकारातून मिळणारा सुरुवातीचा विरोध रुंदीच्या घनाने वाढतो. ७५ सेंटिमीटर रुंदीच्या जागी १२० सेंटिमीटर घ्या, विरोध जवळपास चौपट. ही रुंदी पाण्याच्या रेषेवर मोजायची. वरची कड बाहेर झुकवली की माहितीपत्रकात होडी रुंद दिसते, पाण्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: गळ आणि पिंजरे दोन्ही एकट्याने सांभाळायचे तर तीन ते साडेतीन मीटर लांब, पाण्यावर निदान १२० सेंटिमीटर रुंद, सपाट बुडाची, उघडी होडी. तिचे दोषही सांगते. लाटेवर ती थडथड आपटते. एका मर्यादेपर्यंत ती ठाम उभी राहते आणि त्यापलीकडे फारशी सूचना न देता उलटते. आत पाणी साचणं तिला सर्वांत वाईट. ३ मीटर बाय १.२ मीटरच्या तळावर २ सेंटिमीटर पाणी म्हणजे ७२ लिटर, म्हणजेच ७२ किलो. माझ्याहून जड प्रवासी, आणि तो नेमका खालच्या बाजूला धावणारा! पाणी उपसायचं भांडं दोरीने बांधून हाताशी हवं.

लेखात तीन-चार माणसांच्या होड्यांना ‘एकट्यासाठी ऐसपैस’ म्हटलं आहे. ते मला पटत नाही. मोठी होडी रिकामी असली की पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला हवी तिकडे नेतो. त्यात एकटा माणूस मागे इंजिनाजवळ बसला की पुढचं टोक आभाळाकडे. मग पाण्याचा डबा, बॅटरी, नांगर पुढे सरकवायचे आणि इंजिनाच्या दांड्याला लांब मूठ जोडून स्वतः मध्याकडे यायचं. लहान होडीतही हे करावं लागतं, पण थोडक्यात भागतं.

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, वापरणाऱ्यांवर माझा राग नाही. वर बसायची कयाक उथळ पाण्यात सुरेख, गळासाठी तर फारच छान, आणि पाण्यात पडलं तर तिच्यावर परत चढणंही त्यातल्या त्यात सोपं. पण पिंजऱ्यातून निसटलेला खेकडा पायांच्या मध्ये फिरतो आहे आणि पाय घ्यायला जागा नाही, ही परिस्थिती लेखकाने एकदा अनुभवावी. हवा भरायची होडी स्थिर असते, उचलायला हलकी असते. मात्र नांग्या, गळ, पिंजऱ्याची तार आणि खडकावरची कालवं हे सगळे तिचे वैरी. हवेचे कप्पे वेगवेगळे नसतील तर तिचं नावच काढू नये.

वजनाचा प्रश्न नदीत जाणवत नाही, काठावर जाणवतो. भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचं. भरतीला जिथून होडी लोटली तिथे ओहोटीला परत यावं, तर पाणी दूर गेलेलं आणि मध्ये नुसता चिखल. कामाच्या जागी सुरक्षितता कशी राखावी याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात, सगळं अनुकूल असतानाही, एकट्याने उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोवर थांबते. शंभर अँपिअर-अवरची शिसे-आम्ल बॅटरी एकटीच त्याहून जड भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी तिच्या निम्म्याच्या आसपास. होडी घेण्याआधी ती एकट्याने पालथी करून, फरफटत नेऊन पाहावी. विकणारा मदतीला पुढे आला तर त्याला बाजूला उभं करावं.

ओहोटीच्या मध्यावर ओढ सगळ्यात जास्त असते. ती ३ नॉट, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर झाली की वल्ह्यांनी उलट जाणं विसरा. इंजिन असलं तरी वल्ही होडीत हवीतच. प्रवाहात नांगर पुढच्या टोकाकडून टाकावा, कडेवरून कधीच नाही. ताणलेला दोर कड खाली ओढतो आणि पाणी आत येतं. पिंजऱ्यांना पॉलिप्रोपिलीनचा दोर लावला तर तो तरंगत राहतो आणि इंजिनाच्या पंख्यात गुंडाळतो. नायलॉनचा बुडतो.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा कोणत्याच विक्रेत्याकडे होत नाही. छातीइतक्या संथ पाण्यात, किनाऱ्यावर कोणी उभं असताना, अंगभर कपडे आणि लाइफ जॅकेट घालून होडीबाहेर उतरायचं आणि एकट्याने परत चढायचं. कडेवरून चढू गेलं तर होडी अंगावर येते. मागून, इंजिन टाळून चढावं. मागच्या कडीला दोरीचा फास बांधून पाण्यात सोडला की पाय ठेवायला पायरी मिळते. माझ्या गुडघ्याला त्याशिवाय जमत नाही. मग त्याच पाण्यात होडी काठोकाठ भरून पाहावी. आत बंदिस्त फोम किंवा हवाबंद कप्पे नसलेली धातूची होडी सरळ तळ गाठते.

लाइफ जॅकेट किती जोराने तरंगवतं हे सांगणारा त्यावरचा न्यूटनचा आकडाही वाचावा. ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीवर असलेल्या पोहणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर करण्याची हमी त्यात नाही. मी १०० चं वापरते. आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा पायाला अडकवलेली असावी, नाहीतर आपण पाण्यात आणि होडी पुढच्या वळणावर.

आपल्या लेखकाला विनंती: पुढच्या वेळी तक्त्यातून ‘किती माणसं’ हा रकाना काढून तिथे पाण्याच्या रेषेवरची रुंदी, रिकाम्या होडीचं वजन आणि पाण्याने भरल्यावर ती तरंगते की नाही, हे तीन रकाने द्यावेत. जागा कमी पडत असेल तर वेगाचाही रकाना काढावा. खेकड्यांना घाई नसते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका