अक्कांना पत्र, सात रस्त्याच्या तीन खात्यांबद्दल

सोलापूर

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझा उधारीचा हिशेब संगणकावर बसवून दिल्याबद्दल आपण समोरासमोर आभार मानू देत नाही. "चहा ठेव आणि शीट उघड" एवढे बोलून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघड लिहीत आहे, कारण कडक भाकरी, शेंगाची चटणी, पापड असा माल दुकानांना उधारीवर देणाऱ्या आमच्यासारख्या बायका सोलापुरात पुष्कळ आहेत आणि भाकरी थापण्यापेक्षा वसुलीचा हिशेब ठेवण्यात त्यांची अधिक दमछाक होते.

आपल्याकडे येण्याचे खरे कारण मी तेव्हा अर्धेच सांगितले होते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे आमच्याकडे मागणी वाढते आणि मालदांडी ज्वारी रोखीने भरावी लागते, म्हणून मी येणे वसूल करायला फोन करू लागले. सात रस्ता परिसरातील एका दुकानदारांना मी ३,४०० रुपये मागितले. त्यांनी ती रक्कम दोन हप्त्यांत केव्हाच दिली होती. त्यांपैकी एक हप्ता त्यांच्या मुलाच्या मोबाईलवरून आला होता आणि मी तो त्या मुलाच्या नावे वेगळे पान उघडून जमा केला होता. त्यांनी दोन्ही तारखा वाचून दाखवल्या आणि शांतपणे म्हणाले, "ताई, वही पुन्हा एकदा बघा." ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

आपल्याकडे येण्यापूर्वी माझ्या भाच्याने मला संगणकावर एक शीट करून दिली होती. प्रत्येक दुकानाची वेगळी शीट, आणि प्रत्येक ओळीत मागची बाकी अधिक नावे (उधार दिलेला माल) वजा जमा (आलेले पैसे) असे सूत्र. दिसायला ती सुरेख होती. मधली एक चुकीची ओळ काढून टाकली की खालच्या सगळ्या बाकीच्या जागी एररची इंग्रजी अक्षरे उमटत, आणि मी घाबरून तिथे हातानेच आकडा लिहून टाकी. आपण ती शीट पाहिलीत आणि सूत्रांकडे वळण्याआधीच एका सेलवर, म्हणजे शीटमधल्या एका चौकोनावर, बोट ठेवलेत. तिथे मी "५०० रु." असे लिहिले होते. इतर आकडे सेलच्या उजव्या कडेला टेकलेले होते आणि हा एकटा डावीकडे उभा होता. पुढे "रु." लावल्यामुळे तो संगणकाच्या लेखी आकडा उरला नव्हता, मजकूर झाला होता, आणि बेरीज करणारे सम हे फंक्शन असा मजकूर वगळून निमूट पुढे जाते, तक्रारही करत नाही. असे अकरा सेल सापडले. अकराही वेळा दुकानदाराने पैसे दिले होते आणि माझ्या बेरजेत ते आले नव्हते.

मग आपण माझ्या सगळ्या शीटा मोडून दोनच ठेवल्यात आणि त्यांना जुनी नावे दिलीत: रोजकीर्द आणि खतावणी. आपली सारी नोकरी पतसंस्थेत गेली, त्यामुळे आपल्याला ती सहज सुचली असतील, पण माझ्यासाठी त्या दोन शब्दांनीच सगळे उलगडले. रोजकीर्दीत जे घडले ते घडेल तसे लिहायचे: तारीख, दुकान, नावे, जमा, शेरा. खतावणीत, म्हणजे दुकानवार खात्यांत, मी काहीच लिहायचे नाही. तिथे सम-इफ हे फंक्शन रोजकीर्दीतून त्या-त्या दुकानाच्या नावेची बेरीज आणते, जमेची आणते आणि वजाबाकी करते. "बाकी तू लिहायची नाहीस, ती काढली जाते," असे आपण म्हणालात तेव्हा मी नुसती मान हलवली होती. त्याचा अर्थ पुढच्याच आठवड्यात कळला, जेव्हा एक जुने बिल दुरुस्त केल्यावर खतावणीतील बाकी आपोआप बदलली आणि मला कुठेही खाडाखोड करावी लागली नाही. भाकऱ्यांचा चुरा होऊन परत येणारा माल मी पूर्वी मूळ बिलातूनच कमी करत असे; तोही आता वेगळ्या ओळीत, शेऱ्यात "परत" लिहून, जमेच्या बाजूला जातो. कोणत्या दुकानाकडून किती परत येते हे त्यामुळे प्रथमच दिसले, आणि दोन दुकानांसाठी आम्ही पुठ्ठ्याचे खोके वापरू लागलो.

"सात रस्ता", "सातरस्ता" आणि शेवटी एक अदृश्य रिकामी जागा राहिलेले "सात रस्ता" ही सम-इफला तीन वेगळी दुकाने वाटतात, हे आपण दाखवलेत तेव्हा मात्र मला माझी वही आठवली. आता दुकानाचे नाव टाइप करायचेच नाही, यादीतून निवडायचे, असे आपण ठरवून दिले आहे. यूपीआयवर पैसे मुलाच्या नावाने येवोत वा मेहुण्याच्या, यादीत दुकान एकच आहे.

सर्वांत मोठे ऋण मात्र बिलवार बाकीचे आहे. आमचे दुकानदार बिल पाहून पैसे देत नाहीत; "हे हजार घ्या, खात्यावर टाका" म्हणतात. मग कोणते बिल फिटले आणि कोणते राहिले? आपण सांगितलेत की १८७२ च्या भारतीय करार कायद्यात याचा क्रम दिलेला आहे: देणाऱ्याने बिल सांगितले तर ते, त्याने सांगितले नाही तर घेणारा ठरवील ते, आणि दोघांनीही काही ठरवले नाही तर कलम ६१ प्रमाणे आधीचे देणे आधी फिटते. हा शेवटचा नियम आपण एका सूत्रात बसवलात. त्या ओळीपर्यंतची त्या दुकानाची सर्व बिले मिळवायची, त्यासाठी सुरुवातीच्या सेलला डॉलरची चिन्हे लावून तो खिळवून ठेवायचा आणि शेवटचा सेल मोकळा सोडायचा. त्या बेरजेतून दुकानाची एकूण जमा वजा करायची. आलेली रक्कम आणि त्या बिलाची रक्कम यांतील लहान आकडा घ्यायचा. आणि तो शून्याच्या खाली गेला तर शून्य धरायचा. बिले १,२००, ८०० आणि १,५०० ची असतील आणि जमा १,५०० असेल, तर पहिल्यावर शून्य, दुसऱ्यावर ५०० आणि तिसऱ्यावर पूर्ण १,५०० उरतात. मी ते कागदावर तीनदा करून पाहिले होते, हे आज कबूल करते. जमेच्या ओळीत नावेचा रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहायचे, कारण लहान आकडा शोधणारे फंक्शन रिकामा सेल विचारातच घेत नाही, ही गोष्ट आपण जाता जाता सांगितलीत. ती राहिली असती तर मी महिनाभर डोके धरून बसले असते.

बिलवार बाकी आल्यावर दिवस मोजणे सोपे झाले. आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा केली की दिवस मिळतात, कारण संगणकाला तारीख हाही एक आकडाच असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत माल घेणाऱ्याने पैसे द्यायचे असतात, म्हणून आपण १५ नंतर पिवळा आणि ४५ नंतर लाल रंग लावून दिलात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी कायदा दाखवणार नाही, आणि आपणही तसे सुचवले नाही. पण लाल ओळ समोर असली की फोनवर आवाज चाचरत नाही. तारीख, बिल आणि रक्कम सांगता येते.

आता एक गोष्ट कळवायची आहे. मागच्या महिन्यात बिलवार बाकीची बेरीज आणि खतावणीतील बाकी यांत ६०० रुपयांचा फरक आला. आपल्याला फोन करण्यासाठी हात उचलला होता, पण आधी स्वतः शोधावे असे ठरवले. एका दुकानाने ६०० रुपये आगाऊ दिले होते. खतावणीत त्यांची बाकी वजा ६०० दिसत होती, तर बिलवार सूत्राने शून्याखालचे सगळे शून्य केले होते. सूत्र बरोबर होते आणि खतावणीही. मी आगाऊ रकमेसाठी एक वेगळा रकाना केला आहे आणि दोन्ही बेरजा जुळतात की नाही हे सांगणारा एक सेल सर्वांत वर ठेवला आहे. रविवारी चहाला याल तेव्हा तो तपासून द्यावा. सात रस्त्याच्या त्या दुकानदारांनाही मी त्यांचे संपूर्ण खाते छापून दिले आहे; बाकी शून्य आहे, आणि त्यांनी चटणीची मागणी पुन्हा सुरू केली आहे.

आपली कृतज्ञ,
जुळे सोलापुरातील कडक भाकरीवाली