पैसे मागितले की म्हणतात, ‘उद्यम’ रद्द करा

संपादक महोदय,

हिंगणा एमआयडीसीत माझं लोखंडी रॅकचं वर्कशॉप आहे. मला धरून पाच माणसं, आणि ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी केलेली. आमच्यासारख्यांचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांच्या आत, नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, हे २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यातच आहे. आयकरात ४३बी(एच) हे कलम आल्यावर, उशीर करून वर्षअखेरपर्यंतही पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा मिळेना. वाटलं, आता तरी फोन उचलतील.

झालं भलतंच. मार्चमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाचे अकाउंटंट म्हणाले, “भाऊ, ते उद्यम रद्द करून टाका, नाहीतर पुढची ऑर्डर कठीण आहे.” नोंदणीच नसली की हा नियम त्यांना लागत नाही ना! बिल डिसेंबरचं, १ लाख ८४ हजारांचं. त्यावर ‘माल मिळाला’चा शिक्का आहे, कुणाच्या तरी चहाचा डागही आहे, पैसे तेवढे नाहीत. त्याचा जीएसटी मात्र मी खिशातून भरून बसलोय.

बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेत गेलो की गिऱ्हाईक गेलंच. पुरवठादाराचं नाव न फोडता खरेदीदाराच्या वह्या तपासता येणार नाहीत का?

– एक लघुउद्योजक, नागपूर