दोन रकान्यांसाठी अर्भकांवर शस्त्रक्रिया नको

महोदय,

निसर्गाने स्त्री आणि पुरुष असे दोनच प्रकार घडवले, बाकी सारे अलीकडचे खूळ, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, ही वाटणी इतकी चोख असेल, तर काही नवजात बालकांना मुलगा किंवा मुलगी ‘करण्यासाठी’ शस्त्रक्रिया का करावी लागते?

गर्भात पहिले सुमारे सहा आठवडे जननग्रंथी सर्वांची सारखीच असते. पुढे, बहुधा वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकामुळे, तिचे वृषण होऊ लागते. पण त्यानंतर संप्रेरके आणि त्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी यांचे सारे जुळून यावे लागते, आणि ते दर वेळी येतेच असे नाही. एक्सवाय गुणसूत्रे असूनही शरीर पुरुषी संप्रेरकांना दाद देत नसेल, तर ते मूल मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणूनच वाढते, आणि अनेकदा वयात येऊनही पाळी येत नाही म्हणून तपासणी झाल्यावरच घरच्यांना हे कळते. उलट, मूत्रपिंडावरील अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीच्या एका आनुवंशिक विकारात एक्सएक्स गुणसूत्रांच्या बालिकेचे बाह्य जननेंद्रिय मुलासारखे दिसू शकते. मग गुणसूत्रे, ग्रंथी आणि बाह्य शरीर यांपैकी कोणाची साक्ष अंतिम मानायची? बहुतेकांच्या बाबतीत या तिन्हींचे एकमत असते, हे मान्यच आहे. परंतु ज्यांच्या बाबतीत ते नसते, तीही माणसेच आहेत.

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २२ एप्रिल २०१९ रोजी हे ओळखले. खटला खरे तर एका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) वधूच्या विवाहनोंदणीचा होता, तरीही न्या. जी. आर. स्वामीनाथन यांनी त्याच निकालात इंटरसेक्स, म्हणजे जन्मतःच शरीराची लिंगलक्षणे स्त्री वा पुरुष या चौकटीत नेमकी न बसणाऱ्या, अर्भकांवरील अशा शस्त्रक्रियांना मनाई करण्याचे निर्देश दिले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने, जिवाला धोका असेल तो प्रसंग वगळून, तसा आदेश काढला. हा अपवाद महत्त्वाचा आहे. वर उल्लेखिलेल्या विकारात शरीरातील मीठ झपाट्याने घटून बाळ दगावू शकते, तेव्हा औषधोपचारात क्षणाचाही विलंब नको. पण निव्वळ जननेंद्रियाच्या दिसण्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेची घाई बाळाला नसते. ती असते पेढे वाटायचे की बर्फी या प्रश्नाने गांजलेल्या मोठ्यांना. त्या शस्त्रक्रियेने गेलेली संवेदना वा प्रजननक्षमता मात्र पुढे परत आणता येत नाही.

कागदपत्रांत स्त्री-पुरुष यांच्या जोडीला केवळ तिसरा रकाना जोडल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने इंटरसेक्स व्यक्तींना पारलिंगी व्यक्तींच्या व्याख्येतच बसवले. वास्तविक त्यांच्यातील अनेकांना आपण स्त्री आहोत की पुरुष याविषयी तिळमात्र शंका नसते. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात व्यक्तीलाच दिला आहे. अर्भकावर आधीच सुरी चालली, तर त्या अधिकारात उरते काय?

महाराष्ट्र शासनाने तमिळनाडूसारखा स्पष्ट आदेश काढावा, तो खासगी रुग्णालयांनाही लागू करावा, अशा बाळांच्या पालकांना प्रसूतीनंतर लगेच समुपदेशन मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि जन्मदाखल्यावरील लिंगाची नोंद पुढे त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, शस्त्रक्रियेचा पुरावा न मागता, बदलून द्यावी.

– एक वाचक, सांगली